तीन जिनसांची नागव्वा

घरातल्या बाईनं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आई तशीच जेवायची, सासू तशीच जेवायची, म्हणून मीपण तशीच. त्यामुळं नागव्वाला मी पहिल्यांदा जेवताना बघितलं तेव्हा माझ्या हातातलं गाडगं पडायचंच बाकी होतं. नवरा आणि चार लेकरं समोर रिकाम्या ताटल्या घेऊन बसलेली, आणि ही बाई चुलीपुढं मांडी घालून एकटी खुशाल भाकरी खातेय! घाई नाही, लाज नाही. चावून चावून.

आमच्या दोघींच्या परसांमधे छातीएवढी मातीची भिंत होती. मी भिंतीला टेकून बघतच राहिले. तिनं घास गिळला आणि मान न वळवता विचारलं,

"काय बघून राहिली गं, देगलूरवाले? बाई जेवल्याली कधी बघितली न्हाई का?"

"आधी तुम्ही?"

"मग कोन? वाढायचं कुनाला हाय? मलाच ना? रांधनारी उपाशी असली की तिचा हात थरथरतो. एकाला जास्त पडतं, एकाला कमी. आवडीच्या लेकराकडं डाव वळतो. दोन घास पोटात गेले की माझी भूक मधी येत न्हाई. मग सारख्याला सारखं."

तिचा नवरा, त्याला सगळे आप्पा म्हणायचे, दम्याचा माणूस. तो हसून म्हणाला, "लगीन झाल्यापासून हेच हाय बाई. माझ्या आईनं दोन वर्षं बोलनं सोडलं हुतं."

"सोडलं हुतं, पन जेवन न्हाई सोडलं," नागव्वा म्हणाली आणि वाढायला उठली.

हे बहात्तरच्या दुष्काळातलं. गाव जळकोटच्या बाजूचं, नाव कशाला घेऊ. मी देगलूरची, लग्न होऊन दुसरं वर्ष. आमचे हे मॅट्रिक झालेले, म्हणून तलावाच्या दुष्काळी कामावर हजेरी लिहायला लागले होते. गावाची शेवटची आळी लिंगायतांची, तिथून पुढं आम्हा बौद्धांची वस्ती. आळीतलं शेवटचं घर नागव्वाचं आणि वस्तीतलं पहिलं घर आम्ही भाड्यानं घेतलेलं. ती काही द्यायची असली तर भिंतीवरून, हाताला हात न लागता, वरून सोडायची. माझ्या हातचं घ्यायची नाही. मलाही त्यात फार वाईट वाटायचं असं नाही, खोटं कशाला सांगू. तसंच चालायचं.

दिसायला म्हणाल तर बुटकी, काटक, पायाच्या टाचा भेगाळलेल्या. कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात लिंग. उदगीरच्या पलीकडं बिदरच्या बाजूचं माहेर, त्यामुळं मराठीत कानडी शब्द पेरलेले. लेकरानं नको तेवढं मागितलं की "साकू!" म्हणायची. साकू म्हणजे पुरे. आप्पा जास्त बोलला तरी साकू, आभाळात नुसतेच ढग गडगडले तरी वर बघून साकू. गुरवाची बाई एकदा म्हणाली, "नागव्वाला देव भेटला आन् वर माग म्हनला, तरी ही साकू म्हननार."

तिचा स्वयंपाकाचा एक कायदा होता. भांड्यात मीठ आणि पाणी सोडून तीन जिनसा. चौथी नाही. एक पोट भरणारी, एक चव आणणारी, एक आंबट नाहीतर तिखट. ज्वारीच्या कण्या, वाळवलेली अंबाडी, मिरची. झाला स्वयंपाक. हरभऱ्याचा वाळला पाला, मूठभर डाळ, लसूण. झालं. पीठ रात्री भिजत घालून सकाळी आंबील, वर जिरं, बाजूला जवसाची चटणी. मी नवी हौशी सुगरण. एकदा आमटीत कांदा घातला, लसूण घातलं, खोबरं, धने, येसर, चिंच, गूळ. वास भिंतीपलीकडं गेला. नागव्वानं विचारलं,

"आज कुनाचं लगीन हाय गं?"

"लग्न कशाचं, साधी आमटी आहे."

"साधी? बाजार भरला हाय तिच्यात. आता मला सांग, ह्यातली डाळ कुठं हाय? सापडंल का तुला? बिचारी गर्दीत हरवली. लेकराला काय जेवला म्हनून विचारलं तर त्याला सांगता तरी येईल का?"

मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी मी डाळ, चिंच आणि मिरची एवढंच घातलं, आणि आमच्या ह्यांनी दोनदा मागून घेतलं. मी भिंतीकडं बघायचं टाळलं.

आमच्या देगलूरकडं, तेलंगणाच्या शेजारामुळं, चिंचेचा कोवळा पाला डाळीत घालतात. चिगूर म्हणतात त्याला. उन्हाळ्यात सगळं रान करपलं तरी चिंच तेवढी पालवते. हे मी तिला सांगितलं तर ती लेकीला घेऊन उठलीच. धाकटी लेक गौरा, सहा वर्षांची, झाडावर खारीसारखी चढायची. पदर भरून पाला आणला. त्या दिवसापासून चिंचेची पालवी तिच्या तीन जिनसांत बसली. "तुझ्या देगलूरला अक्कल हाय गं," म्हणाली. मला एवढा आनंद झाला, जशी काही मीच चिंच लावली होती.

मग रेशनवर लाल मिलो आली. परदेशातली ज्वारी म्हणायचे. तिची भाकरी तव्यावर टाकली की फुटायची. बायका शिव्या देत म्हशीला घालायच्या. ज्यांची म्हैस गुरांच्या छावणीत होती त्या उकिरड्यावर टाकायच्या. नागव्वानं एका बाईला टाकताना बघितलं. काही बोलली नाही. तिच्या घरात शिरली, तिच्याच चुलीवर पाणी उकळलं, पिठात ते कढत पाणी ओतून काटवटीत असं मळलं असं मळलं की घाम टपटपायला लागला. भाकरी थापली. चंद्रासारखी अखंड. तव्यावर फुगली. ती भाकरी त्या बाईच्या हातावर ठेवून म्हणाली,

"पीठ परदेशी हाय, त्याला आपली बोली येत न्हाई. जरा कढत पान्यानं समजावून सांगावं लागतं."

आठ दिवसांत सगळ्या आळीला मिलोची भाकरी यायला लागली.

आता एवढं वाचून तुम्हाला वाटेल, बाई स्वभावानंच काटकसरी. तसं नव्हतं. त्या वर्षी तिच्या डोक्यावर एक टांगती तलवार होती, आणि ती गावात सगळ्यांना माहीत होती.

आप्पाचा थोरला भाऊ मल्लाप्पा. उदगीरला भुसार मालाचं दुकान, माडीचं घर. त्याच्या बायकोचं नाव गंगाक्का. त्यांना मूलबाळ नाही. गौराला आम्हाला द्या, असं त्यांचं दोन वर्षांपासून चाललेलं. दुष्काळ पडला तसा जोर वाढला. आप्पाचा दमा वाढला होता, खडी फोडायला जाता येत नव्हतं. नागव्वा आणि थोरला पोरगा तेवढे कामावर जायचे. शेवटी आप्पानं चार माणसांत भावाला शब्द देऊन टाकला : "ज्या दिशी माझ्या लेकरांसाठी चूल पेटनार न्हाई, त्या दिशी येऊन पोरगी घेऊन जा. पेटतीय तवर विषय काढू नको."

नागव्वा ते ऐकत उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "ऐकलं. आता हा शब्द तुमचा न्हाई, माझा."

म्हणून ती रोज दोन वेळा चूल पेटवायची. कामावर सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक भरडा, वाटली जायची. लेकरं ती खाऊन आलेली असली, पोट भरलेलं असलं, तरी संध्याकाळी तिच्या परसातून धूर निघायचाच. निदान एक भाकरी, निदान वाटीभर कण्या. गावानं धूर बघितला पाहिजे.

दर महिन्याला मल्लाप्पा आणि गंगाक्का यायचे. लेकरांच्या दंडाला हात लावून बघायचे. एका खेपेला बैलगाडी घेऊनच आले, वर ज्वारीचं पोतं. पांढरी शुभ्र, आपली ज्वारी. वर्षभरात तसा दाणा कुणी बघितला नव्हता. आळीतल्या बायका दारात आल्या. मला तर त्या दाण्याचा वास आला असं वाटलं. आप्पा पोतं उतरवायला पुढं झाला, तशी नागव्वा गाडीपुढं येऊन उभी राहिली.

"राहू द्या."

"अगं नागव्वा, घरातलंच हाय. भावाला भाऊ देऊन राहिला," मल्लाप्पा म्हणाला.

"भावोजी, पाव्हने म्हनून आलाव, पाय धुवा, जेवा. पोतं हाय तिथंच राहू द्या. हे खाल्लं तर उद्या तुमी लेकरू मागितल्यावर माझं तोंड उघडनार न्हाई. भरल्या तोंडानं न्हाई म्हनता येत न्हाई."

आप्पा चिडला. "चार लेकरं उपाशी मारतीस काय गं, हट्टापायी?"

"कोन उपाशी हाय? विचारा."

चारही लेकरं रांगेत उभी. धाकटी गौरा म्हणाली, "मी जेवले. कण्या, चिगूर आन् मिरची." पाढा म्हणावा तसं. तिला सांगता येत होतं.

नागव्वानं दीर-जावेला तेच वाढलं. मल्लाप्पा खाणारा माणूस, ताटली चाटून पुसून साफ केली. गंगाक्कानं फार खाल्लं नाही. ती गौराला मांडीवर घेऊन तिचे केस विंचरत बसली होती. विंचरून झाले तरी फणी फिरवतच होती. गाडी पोत्यासकट परत गेली. मी त्या रात्री ह्यांना म्हणाले, ही बाई वेडी आहे. हे म्हणाले, "वेडी असती तर पोतं ठेवून घेतलं असतं."

आणि मग तिच्या हातून चूक झाली. जी बाई दाणा न् दाणा राखत होती, तिचं जळणाकडं ध्यान राहिलं नाही. गुरं छावणीत, म्हणून शेण नाही. पऱ्हाट्या संपल्या, तुराट्या संपल्या. रानात झाडाची काडी मोडायची सोय नाही. कामाचे दिवस वाढले होते, ती अंधार पडता पडता यायची, असलेलं जाळायची. एका रविवारी सकाळी चुलीपुढं बसली आणि मागं हात घातला, तर कोपऱ्यात नुसता भुसा. पीठ आहे, पाला आहे, मीठ आहे. जाळायला काही नाही. थोरल्याला पिटाळलं, तो दुपारी रिकाम्या हातानं आला. आळीत कुणाकडं मागावं, तर सगळ्यांचं तेच. आणि दोन-तीन घरं अशी की देण्यापेक्षा बघत बसण्यातच त्यांना मजा.

तो गंगाक्का-मल्लाप्पाचा महिना भरायचा आठवडा होता.

दुपार कलली. माझी चूल पेटलेली होती, आमच्या ह्यांनी कामावरच्या मोडक्या टोपल्या आणि दांडे आणले होते. मी भाकरी टाकत होते. भिंतीपलीकडून आवाज आला नाही, म्हणून वर बघितलं. नागव्वा उभी. डोक्यावर काटवट, त्यात मळलेलं पीठ. कडेला तवली. आणि भिंतीवरून नाही, वळसा घालून माझ्या दारानं आत येत होती. मागं चारही लेकरं.

मी भाकरी तव्यावर जळू दिली. खरं सांगते, मला आधी भीतीच वाटली. तिचं काय होईल, आणि माझंही काय होईल.

"सरक जरा," ती म्हणाली.

"अहो, पण तुमच्या आळीतले..."

"सरक गं. पीठ आंबून राहिलं."

माझ्या चुलीवर, माझ्या तव्यावर तिनं भाकरी केल्या. तवा बदलला नाही, विसळलाही नाही. माझ्या तव्यावरच्या पिठावर तिचं पीठ पडलं. मग काय झालं, तर तिची भाजी कमी पडली, तेव्हा तिनं माझ्या डाळीचं भांडं स्वतः ओढून लेकरांना वाढलं. पण त्याआधी, तिच्या सवयीप्रमाणं, स्वतः दोन घास खाल्ले. माझ्या हातच्या डाळीचे. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

भिंतीवर तोवर आळीतल्या पाच बायकांची डोकी दिसत होती. त्यांच्या तोंडाला कुलूप लागलेलं मी त्याच दिवशी बघितलं.

चार दिवसांनी उदगीरची गाडी आली. बातमी मल्लाप्पाच्या कानावर आधीच पोचलेली, पण अर्धीच; त्या पाचजणींनी चूल पेटली नाही एवढंच सांगितलं, पुढचं गिळलं होतं. मल्लाप्पा ओसरीवर बसला. आळीतली माणसं गोळा झाली. मी भिंतीमागं उभी.

"आप्पा, रविवारी तुझी चूल पेटली न्हाई म्हनं."

आप्पानं मान खाली घातली. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"सांग की. पेटली का न्हाई?"

"पेटली," नागव्वा म्हणाली.

"कुठं? तुझ्या परसातून धूर निघाला न्हाई, सगळी आळी सांगून राहिली."

आता बघा, तिला गप्प बसता आलं असतं. त्या दिवशी विस्तवच मिळाला नाही म्हणता आलं असतं. लेकरं उपाशी झोपली असं ठरून पोरगी गेली असती, तरी आळीत मान राहिला असता. उपाशी मेलेल्याला गाव मान देतं. नागव्वानं पदर खोचला आणि आमच्या घराकडं बोट केलं.

"तिथं पेटली. देगलूरवालीच्या चुलीवर. माझी भाकरी, तिचा तवा. तिची डाळ बी खाल्ली. आधी मी खाल्ली, मग लेकरांनी. आप्पांन्ला बी घरी नेऊन वाढली, कुठली ते मी सांगितलं न्हाई."

आप्पा तिच्याकडं बघतच राहिला. एका म्हाताऱ्यानं "शिवशिव" म्हणून कानावर हात ठेवले. मल्लाप्पाच्या कपाळाची शीर दिसत होती. तो म्हणाला, "काय बोलून राहिलीस, कळतं का तुला?"

"शब्द काय हुता, भावोजी? चूल पेटली पायजे. कुनाच्या जातीची पायजे हे कुनी बोललं नव्हतं."

मला वाटलं, आता पोरगी तर जाणारच, वर हिला वाळीत टाकणार. तेवढ्यात गंगाक्का उठली. ती चार माणसांत बोलणारी बाई नव्हती. गौराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली,

"गाडी जुंपा. हिच्याकडून लेकरू न्यायची माझी हिंमत न्हाई."

रिकामी गाडी गेली. आळीनं नागव्वाला पुढं दोन-तीन सणांना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं, डोक्याला लावायचं तेल वाचलं." पण त्या दिवसापासून आमच्या मधल्या भिंतीवरून सगळं दोन्हीकडून जायला लागलं.

पुढच्या साली पाऊस झाला. चांगला झाला. खरिपाची ज्वारी कणगीत पडली, रब्बीची पुरुषभर वाढली. चारही लेकरं शाबूत, एकही बाहेर गेलं नव्हतं. आमच्या ह्यांची दुसऱ्या कामावर बदली व्हायची होती, त्याआधी वेळ अमावस्या आली. आमच्या लातूर-उदगीरकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. मिळेल त्या पालेभाज्या, सगळ्या कडधान्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. नागव्वानं आम्हालाही त्यांच्या शेतात बोलावलं. मी बघितलं तर तिच्या पातेल्यात पंधरा-वीस जिनसा! वाल, हरभरा, तूर, वांगी, गाजर, शेंगदाणे. मी चेष्टेनं म्हणाले, "काय नागव्वा, गर्दी झाली की आज."

ती हसली नाही. उदगीरहून गंगाक्का आणि मल्लाप्पा आले होते. सगळ्यांची जेवणं झाली. ज्वारीच्या उभ्या ताटांत गौरा लपाछपी खेळत होती. नागव्वानं तिला हाक मारली, तोंड धुतलं, नवं परकर-पोलकं घातलं. हाताला धरून गंगाक्काकडं घेऊन गेली आणि तिच्या मांडीवर बसवली.

"घ्या," म्हणाली. "आता घ्या."

गंगाक्का नुसती बघत राहिली. मल्लाप्पाच्या हातातला आंबिलीचा पेला तसाच. आप्पाला माहीत असावं, कारण तो ज्वारीत शिरला आणि खोकत राहिला. मीच म्हणाले,

"अहो, डोकं फिरलं का तुमचं? जिच्यासाठी वर्ष काढलं, गावाशी वैर घेतलं, तिलाच देऊन टाकता? आता? घरात कणगी भरलेली असताना?"

"म्हनूनच."

"म्हणजे काय?"

"तवा दिली असती तर इकली असती, देगलूरवाले. पोतंभर ज्वारीला इकली असती. पोरीला जल्मभर वाटलं असतं, भाकरीपायी मला दिलं. आता मी भुकेली न्हाई. आता मी देऊ शकते. त्या बाईची फणी बघितलीस ना तू? केस संपले तरी फिरवून राहिली हुती. मला चार हायत. तिला एक न्हाई."

गाडी निघाली तेव्हा गौरा रडली नाही. नव्या परकराकडं बघत होती. नागव्वाही रडली नाही. पण त्या संध्याकाळी मी भिंतीवरून डोकावले तर सगळ्यांना वाढून झालं होतं, आणि ती स्वतः आधी जेवली नव्हती. नंतरही जेवली नाही.

आमची बदली झाली. मग बदल्याच बदल्या. नायगाव, मुखेड, कंधार. दहा वर्षं गेली. लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या निघाल्या, माणसं लागली, आणि आमचे हे लातूरला आले. जिकडं तिकडं नवी पाटी, नवा रंग, जागेला भाव. व्यापारीही सरकले. मल्लाप्पानं उदगीरचं दुकान भावकीला दिलं आणि लातूरला नवं टाकलं. बाजारात गंगाक्का भेटली, तिच्याकडून कळलं, गौरा सोळा-सतरा वर्षांची झाली, शिकते, स्थळं बघताहेत. "नागव्वा येती वर्सातून दोनदा. घटकाभर बसती, जाती. पोरगी तिच्याशी नीट वागती, पन पाव्हनीशी वागावं तशी," गंगाक्का म्हणाली.

पुढच्या खेपेला नागव्वा आधी आमच्याकडं उतरली. केस पांढरे, टाचा तशाच. मला धरून म्हणाली, "चल माझ्यासंग. एकटीला जायला बरं वाटत न्हाई तिथं."

गेलो. नवं घर, ओट्यावर गॅस, भिंतीला स्टीलच्या डब्यांची रांग. गौरा देखणी, आईसारखीच काटक. पाणी आणलं, पोहे आणले, पाया पडली. "कशी हायस?" "बरी आहे." "अभ्यास?" "चालू आहे." संपलं. दोघी समोरासमोर बसलेल्या, आणि मधे पोह्यांच्या बश्या. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. मला ते बघवेना. मी तोंड उघडलं.

सगळं सांगितलं. पोतं परत पाठवलेलं, माझी चूल, चार माणसांत केलेलं बोट, सगळं. गौरा ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ती पहिल्यांदा आईकडं सरळ बघत होती. मला भलतंच स्फुरण चढलं. मी म्हणाले, "तुला काय वाटतं पोरी, दुष्काळ म्हणून दिली तुला? अजिबात नाही. दुष्काळात मेली असती पण दिली नसती. दिली ती सुगीत. घरात कणगी काठोकाठ भरलेली होती!"

गौराचा चेहरा बदलला. मला आधी कळलंच नाही काय झालं.

"थांबा, मावशी," ती म्हणाली. "मला शाळेत सगळ्या पोरी दुष्काळातली म्हणायच्या. मी मनात म्हणायचे, काय करेल बिचारी, चार तोंडं होती, बाप आजारी. तिनं मला जगवायला दिलं. दहा वर्षं मी तेवढ्यावर काढली." मग आईकडं वळली. "अव्वा, घरात ज्वारी होती?"

नागव्वाला खोटं बोलता आलं असतं. मी डोळ्यांनी खुणावलंसुद्धा.

"हाव," ती म्हणाली. "हुती."

"सगळ्यांना पुरेल एवढी?"

"पुरून उरंल येवढी."

"भुकेपायी दिलं असतंस तर मी कधीच माफ केलं होतं गं तुला," गौरा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "भरल्या घरातून दिलंस? चौघांतून मलाच? आणि मला विचारलं पण नाहीस?"

ती आत निघून गेली. मधल्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. गंगाक्का पदर तोंडाला लावून उभी होती. इतकी वर्षं जी गोष्ट मी अभिमानानं गावोगाव सांगत आले होते, तिची दुसरी बाजू मला कधी दिसलीच नव्हती. नागव्वालाही दिसली नसावी. ती पोह्यांच्या बशीकडं बघत होती, जसं काही त्यात काय काय घातलंय ते शोधत होती.

"येते," ती म्हणाली आणि उठली.

आम्ही स्टँडकडं निघालो. रस्ता सरळ होता, लांबपर्यंत दिसणारा. ती पुढं, मी मागं. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर मी मागं वळून बघितलं. गौरा फाटकाशी आली होती. एका पायात चप्पल, दुसरी हातात. घालावी की नको, यावं की नको, अशी. मी थांबले. ती आली नाही. पण आतही गेली नाही. नागव्वानं एकदाही मान वळवली नाही.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. घटकेपूर्वी ह्याच तोंडानं काय केलं होतं, ते ताजं होतं. वाटलं, आता काही बोलू नये. आपण बोललं की बिघडतं.

उदगीरची गाडी लागलेली होती, गच्च भरलेली. कुणीतरी तिला खिडकीशी जागा दिली. मी खाली उभी. वाहकानं घंटी दिली, तेव्हा तिनं खिडकीच्या गजांना धरून पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

"देगलूरवाले, मागं कुनी आलं हुतं का गं?"

आलं तर नव्हतंच ना कुणी.

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, पदर डोक्यावर सारखा केला, आणि गाडी निघाली.